सिद्धेश्वर एक्स्प्रेस ते गँगवे

सोलापूरकराला समुद्र लांबचाच. मोठं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिद्धेश्वराचं तळं येतं, फार तर उजनीचा फुगवटा. तरी बोटीने दूर जाणं या शहराला अगदीच नवं नाही. १९१० साली इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात चीनला निघाले ते मुंबई बंदरातून, बोटीनेच. तेव्हा परदेशी जायचं तर बोटीशिवाय फारसा इलाज नसे. आता विमान असताना माणूस मुद्दाम बोटीने जातो तो हौसेसाठी, आणि हौसेचा प्रवास म्हणून तयारीही हौसेचीच होते. कपडे, गॉगल, फोटोंसाठी टोप्या हे सगळं महिनाभर आधी जमतं. कागदपत्रांची पिशवी मात्र शेवटच्या आठवड्यात उघडली जाते. प्रवास अडतो तो इथे. समुद्रावर काही बिनसलं तर बघायला कप्तान आहे, खलाशी आहेत. सोलापुरात बिनसलेलं मात्र धक्क्यावर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

आपल्या हाडीमाशी रेल्वे मुरलेली आहे. गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी फलाटावर पोचलं तरी चालतं, डबा चुकला तर आतून चालत जाता येतं, अगदीच चुकली तर मागून दुसरी आहे. जहाजाला हा हिशेब लागू नाही. जहाज पाचला सुटणार असेल तर चेक-इन त्याच्या दीड-दोन तास आधी, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी बंद होतं. उशीर केवळ शिस्तीपोटी नाकारतात असं नाही. जहाजावर नेमकी कोण माणसं आहेत याची यादी पक्की करून ती इमिग्रेशनला आणि बंदराला द्यावी लागते. ती एकदा गेली की जहाज तुमच्या डोळ्यांसमोर धक्क्याला उभं असलं, शिडी लावलेली असली, तरी तुम्हाला वर घेत नाहीत. पैसेही परत मिळत नाहीत. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, जहाज सुटण्याची आणि हजर राहण्याची. लोक पहिली पाठ करतात.

या यादीत तुमचं नाव पासपोर्टावर आहे तसंच असावं लागतं, आणि सोलापुरात हा विषय वाटतो तेवढा सोपा नाही. इथे मराठी, तेलुगू, कन्नड अशी घरं शेजारीशेजारी. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं अशी पद्धत. शाळेच्या दाखल्यावर तोच क्रम, आधारवर दुसरा, पॅनवर तिसराच. काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच रकान्यात भरलेलं असतं. बुकिंग करणारा मुलगा किंवा एजंट आपल्या अंदाजाने त्याचे तुकडे पाडतो. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाला बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, यंत्र वाचतं त्या. बुकिंग करताना त्या ओळींत आडनाव कुठे संपतं ते बघावं आणि बरहुकूम भरावं. एकशब्दी नावाचा पासपोर्ट असेल तर आणखी जपावं: संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून नाव किंवा आडनाव यांपैकी एकच असलेल्या पासपोर्टावर पर्यटक व्हिसाने प्रवेश द्यायचं बंद केलं. दुबईहून सुटणाऱ्या क्रूझ आपल्याकडे भरपूर विकल्या जातात, म्हणून हे सांगणं. पासपोर्टात दुरुस्ती करायची तर सोलापूरचे अर्ज पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत जातात. पोलीस पडताळणी धरून हाताशी दोन महिने ठेवावेत. पासपोर्टाची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली हवी. सहा महिने मोजायचे ते परतीच्या तारखेपासून. लोक निघायच्या तारखेपासून मोजतात.

मुंबई–गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशातल्या फेऱ्यांना पासपोर्ट लागत नाही, आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. खरी लांबची सफर म्हणजे जगप्रदक्षिणेला निघालेल्या जहाजाचा मुंबईहून सुरू होणारा एखादा टप्पा, किंवा सिंगापूर, दुबई, बार्सिलोना इथे विमानाने जाऊन तिथून चढणं. अशा सफरीत व्हिसा मोजताना माणूस देश मोजतो आणि फसतो. मोजायचं असतं ते आत-बाहेर. बार्सिलोना, मार्सेल, नेपल्स ही तिन्ही बंदरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, तोवर ठीक. एड्रियाटिक समुद्रातली फेरी मात्र मध्येच माँटेनेग्रोच्या कोटोरला थांबते आणि ते शेंगेनबाहेर आहे; तिथून पुन्हा ग्रीस किंवा इटलीत आलात की तो दुसरा प्रवेश झाला. एका प्रवेशाचा व्हिसा तिथे संपलेला असतो. क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीपासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये. ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही’ हे उत्तरही बहुतेक कंपन्या धरत नाहीत. जहाज त्या देशाच्या हद्दीत जातं, तब्येत बिघडली तर तुम्हाला तिथे उतरवावं लागेल, म्हणून व्हिसा आधी दाखवा असं त्यांचं म्हणणं. ते रास्त आहे.

पूर्व आफ्रिकेकडे जाणारा टप्पा असेल आणि वाटेत केनियातलं मोंबासा असेल तर पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस लागते. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच टोचतात आणि पिवळं पुस्तक, म्हणजे लशीचं प्रमाणपत्र, देतात. सोलापूरकराने त्यासाठी पुण्या-मुंबईची एक वेगळी खेप धरावी. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. दहा दिवस पुरे व्हायच्या आत निघालात तर लस टोचूनही कागदाच्या दृष्टीने टोचली नाही. परतताना आपलाच देश सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतो. लस जिवंत विषाणूची आहे. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. क्रूझवर जाणाऱ्यांत निवृत्त मंडळी जास्त, आणि नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

आता मुंबई गाठणं. क्रूझ वर्षभर आधी बुक होते. रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी खुलतं. दिवाळी-नाताळच्या आठवड्यातली सिद्धेश्वर कशी भरते ते सोलापूरकराला सांगायला नको. साठाव्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसायचं, बस्स. गाडी रात्री साडेदहाच्या पुढे निघते आणि ४५५ किलोमीटर तोडून सकाळी साडेसहा-सातला सीएसएमटीला टेकते. वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबारापर्यंत पोचवते, पण आठवड्यातून एक दिवस ती नसते. वेळापत्रकात बघितलं तर जहाजाच्याच दिवशी सिद्धेश्वरने पोचणं अगदी जमतं. तरी ते करू नये. एक रात्र आधी मुंबईत असावं. मधल्या एका स्टेशनात गाडी तीन तास उभी राहिली तर घरच्या लग्नाला उशीर होतो, जहाज मात्र जातंच. आणि बुडणारी रक्कम हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा कितीतरी मोठी असते. २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून विमानंही उडू लागली आहेत, पण लहान विमानात सामानाचं वजन मोजकं असतं आणि फेरी रद्द झाली तर मागून दुसरी नसते.

सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरच्या आतबाहेर. एके काळी गाड्या थेट इथपर्यंत जात. बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशनच होतं आणि विलायतेची डाक व साहेब मंडळी बोटीतून उतरून समोरच्या गाडीत बसत. आता टॅक्सी. जुन्या टॅक्सीवाल्याला क्रूझ टर्मिनल सांगण्यापेक्षा ‘ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेट’ सांगितलं तर तो दुसरा प्रश्न विचारत नाही. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत, त्यामुळे पूर्वीसारखी तंबूतली गर्दी राहिलेली नाही. पण बोर्डिंग पासवर दिलेली वेळ पाळावी. अकराचा स्लॉट असताना नवाला गेलं तर बाहेर उन्हात बसावं लागतं, आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये रविवारी चहाची टपरीही धड उघडी नसते.

आत गेलं की मोठ्या बॅगा तुमच्या हातातून जातात. त्याआधी वेब चेक-इन करून सामानाच्या चिठ्ठ्या छापून घ्यायच्या. त्यावर नाव, डेक आणि केबिन क्रमांक असतो. चिठ्ठी घडी घालून हँडलभोवती गुंडाळायची आणि दोन-तीन स्टेपल मारायचे. नुसता गोंद किंवा सेलोटेप रेल्वेच्या प्रवासातच सुटतो, म्हणून हे काम मुंबईत, हॉटेलवर करावं. चिठ्ठी निघालेली बॅग जहाजाच्या तळात बेवारस पडून राहते आणि मालक दोन दिवस एकाच कपड्यांत फिरतो. सगळं बरोबर असलं तरी बॅग केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती, लशीचं पुस्तक, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि सगळी औषधं. सगळी म्हणजे सगळी. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सफरीचे दिवस अधिक एक आठवडा एवढ्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. जहाजावर दवाखाना असतो, पण तिथलं बिल तुमच्या खात्यात डॉलरमध्ये चढतं. आणि मध्येच किनाऱ्यावर हलवावं लागलं तर तो खर्च विम्यात आहे का, हे पॉलिसीत निघण्याआधी वाचून ठेवलेलं बरं.

बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात आणि काय काढून घेतात ते ठरलेलं आहे: इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, सुरी. देवघरातली छोटी मूर्ती नेता येते, दिवा लावता येत नाही. समुद्रावर सर्वांत मोठी भीती पाण्याची नाही, आगीची आहे, कारण पळायला जागा नसते आणि बंबही बाहेरून येणार नसतो. यात एक वस्तू अशी की लोक हटकून नेतात आणि जप्त झाली की भांडतात. ती म्हणजे स्पाइक गार्डवाला एक्स्टेन्शन बोर्ड. घरी जी वस्तू सुरक्षेसाठी वापरतो ती इथे धोकादायक कशी? घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. फेजच्या तारेतच काय तो विजेचा दाब. जहाजाच्या वायरिंगमध्ये बहुधा तसा न्यूट्रल नसतो, लोखंडी सांगाड्याच्या तुलनेत दोन्ही तारा जिवंत असतात. स्पाइक गार्डातला भाग जादा दाब अर्थिंगकडे वळवायला बनवलेला. जहाजावर एका तारेत बिघाड झाला की तो भाग सतत ताण सोसत तापत जातो आणि प्लॅस्टिकच्या डबीतच पेट घेतो. साधा, गार्ड नसलेला यूएसबीचा चार्जर चालतो. तेवढ्यावर भागवावं.

शेंगा चटणीबद्दल विचारतातच, म्हणून थोडक्यात. घरची, डब्यात भरलेली चटणी जहाजावर नेऊ देतील याचा भरवसा नाही. कारखान्यात सीलबंद झालेलं, घटक छापलेलं पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिकडे फार गंभीरपणे घेतात, तेव्हा सार्वजनिक टेबलावर पाकीट फोडताना शेजाऱ्याला विचारावं. बंदरात उतरताना ते केबिनमध्येच राहू द्यावं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला खिशात विसरलेल्या खाऊचाही दंड होतो. कडक भाकरी हॉटेलपर्यंतच्या प्रवासाला उत्तम. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवावं, कारण जहाजाचा शिधा काही आठवडे आधी भरला जातो आणि भर समुद्रात मागणी केली तर उकडलेल्या भाज्यांवर वेळ येते.

इमिग्रेशनचा शिक्का झाला, फोटो काढला, गळ्यात घालायचं कार्ड मिळालं की उरतो गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची शिडी. इथे समुद्र पहिल्यांदा स्वतःची ओळख करून देतो. मुंबईच्या बंदरात पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. जवळच्या इंदिरा डॉकला, १९१४ च्या जुन्या अलेक्झांड्रा डॉकला, दरवाजे आहेत आणि आतलं पाणी धरून ठेवता येतं. बॅलार्ड पिअरचा धक्का त्या दरवाज्यांच्या बाहेर, भरतीच्या तोंडावर. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत जहाज दिवसभरात आपोआप दीड मजला उंचीइतकं वर-खाली होत असतं आणि त्याला लावलेल्या शिडीचा चढ त्याबरोबर बदलतो. सकाळी सपाट वाटणारी शिडी दुपारी चांगलीच उभी असते. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर बुकिंगमध्येच मागून ठेवावी. धक्क्यावर ऐन वेळी मागितली तर मिळायला तास लागतो. हात मोकळे असावेत. एका हातात ट्रॉली, दुसऱ्यात मोबाईलवर व्हिडिओ अशा अवस्थेतच माणसं घसरतात.

केबिन निवडताना लोक बाल्कनी आहे का एवढंच बघतात. बोट लागण्याची सवय आहे की नाही हे कुणालाच आधी ठाऊक नसतं, म्हणून पहिल्या लांब सफरीला खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. लाटेवर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि सर्वांत वरचे मजले सर्वांत जास्त हलतात, मध्य सर्वांत कमी. जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पट्ट्या असतात, त्या डावी-उजवी डोलणं बरंच कमी करतात. पुढून-मागून होणाऱ्या उसळीवर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. डेकचा नकाशा उघडून वर काय आहे आणि खाली काय आहे ते बघावं. डोक्यावर स्वयंपाकघर असेल तर पहाटे चारपासून गाड्या ढकलल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. ‘समुद्र दिसतो’ असं लिहिलेल्या स्वस्त खिडकीसमोर पुष्कळदा नारिंगी लाइफबोट टांगलेली असते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू व्हायच्या तास-दोन तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

सामान येण्याआधी, पोहायच्या तलावाचा फोटो काढण्याआधी एक काम सक्तीचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की कार्डावर छापलेल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या जागी, जायचं, कार्ड स्कॅन करायचं, लाइफ जॅकेट कसं बांधतात ते बघायचं. पूर्वी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत हा सराव घेतला तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. २०१५ पासून नियम बदलला: सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. आता बरेच ठिकाणी तो व्हिडिओ बघून आणि स्टेशनवर हजेरी लावून उरकतो. उरकू देऊ नये. केबिनपासून स्टेशनपर्यंतचा जिना एकदा चालून बघावा, लिफ्ट न वापरता, कारण आग लागली की लिफ्ट बंद असते. केबिनच्या दारामागे नकाशा असतो. घरातल्या लहानग्याच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात, तो अंघोळीलाही काढू नये.

मग जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट वर येतो, टग म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटी जहाजाला धक्क्यापासून सोडवतात, आणि मुंबई मागे पडायला सुरुवात होते. वेगाबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. अठरा नॉट म्हणजे ताशी तेहेतीस किलोमीटर. सोलापूर–मुंबई हे रेल्वेचं अंतर तोडायला जहाजाला साडेतेरा तास लागतील. मुंबई ते मोंबासा साधारण २,४०० सागरी मैल, म्हणजे साडेपाच दिवस नुसतं पाणी. याच टप्प्यात घड्याळ अडीच तास मागे जातं, एकदम नाही, हप्त्याहप्त्याने, रात्री. मोबाईल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून स्वतःच वेळ बदलतो आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते. बंदरात उतरताना मनगटावरचं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून जावं. परत येण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते, आणि कंपनीची सहल सोडून स्वतःच्या टॅक्सीने फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मोबाईल सुटण्याआधी एअरप्लेन मोडवर टाकावा. भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला गेला तर आलेल्या फोटोंचं बिल तिकिटाशी स्पर्धा करतं. टिप म्हणून माणशी रोजचे काही डॉलर खात्यातून वळते होतातच, ते सफरीच्या दिवसांनी गुणून आधीच बाजूला ठेवावेत.

आणि मार्ग बदलू शकतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा अनेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला किंवा सफरीच रद्द केल्या. करारात हा अधिकार कप्तानाकडे असतो. गाळलेल्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो. एका विशिष्ट बंदरासाठीच जाणाऱ्याने विमानाने जावं.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या पुन्हा टर्मिनलवरच दिसतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढाव्यात. रात्रीच्या पायजम्यात इमिग्रेशनच्या रांगेत उभी असलेली माणसं दर सफरीत असतात. जहाज सकाळी सातला लागलं तरी बॅगा हाती येऊन बाहेर पडायला दहा-अकरा होतात, सीमाशुल्कवाल्यांनी थांबवलं तर बारा. जाताना अंगावर सोनं असेल तर निघतानाच सीमाशुल्काकडून त्याची नोंद करून घ्यावी, नाहीतर आपल्याच पाटल्यांचं बिल शोधत बसायची पाळी येते. दुपारी चारच्या सुमारास सुटणारी सोलापूरची वंदे भारत जमू शकते. रात्रीची सिद्धेश्वर अधिक निर्धास्त. मधल्या वेळात सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवता येतं, पण रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत.